पर्यायी क्रमांक बायोडेटातून न काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
रोजगार मार्गदर्शन कक्ष,
महाविद्यालयाची मुख्य इमारत, तळमजला.

विषय: बायोडेटाच्या तळाशी छापून येणारा 'पर्यायी संपर्क (घर)' हा क्रमांक आहे तसा राहू देण्याबाबत.

संदर्भ: जुना नमुना नष्ट करण्याची फलकावरील आपली सूचना, आणि माझ्याकडून मागवलेला लेखी खुलासा.

महोदय,

मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असून परीक्षा तोंडावर आली आहे व नोकरीची खटपट चालू आहे. कीर्तन म्हटले की मी जेवणखाण विसरते, म्हणून वर्गात मला 'बुवा' म्हणतात. तेव्हा पूर्वरंग जरा लांबला तर सांभाळून घ्यावे, ही पहिली विनंती.

१. कक्षात बायोडेटा करायला बसलेल्या प्रत्येकाला लिपिकबाई संगणकावर एकच नमुना उघडून देतात आणि बजावतात, "नाव घाल, गुण घाल, बाकी कशाला बोट लावू नकोस. चौकट हलली की माझ्या नावाने ओरडत येता." हा नमुना आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने स्वतःसाठी केला होता. तो इतका नेटका होता की कक्षाने ठेवून घेतला. पानाच्या अगदी तळाशी, चौकटीबाहेर, बारीक अक्षरांत त्याच्या घरचा फोन राहून गेला. चौकट हलेल या धाकाने तिकडे कोणी फिरकलेच नाही. परिणामी दरवर्षी येथून बाहेर पडणाऱ्या सगळ्या मुलामुलींच्या बायोडेटावर त्या एका घराचा क्रमांक जात आहे.

२. सदर विद्यार्थी हयात नाही. निकालाच्या आधीच तापाने त्याला नेले. मुलाखतीचे बोलावणे घरी आले ते त्यानंतर. फोन त्याच्या आईने घेतला. तो आता नाही, हे सांगायला तोंड उघडले आणि "जरा बाहेर गेलाय, आला की सांगते," असे बोलून बसल्या. तेव्हापासून फोन येतच राहिले, कधी या नावाने, कधी त्या. त्यांनी कोणालाही 'चुकीचा नंबर' म्हटलेले नाही. मुलगा विचारला तर मुलगा, मुलगी विचारली तर मुलगी. आपलंच म्हणून चार शब्द बरे बोलतात आणि निरोप ठेवून घेतात. आपल्या कक्षातून किती जणांना नोकऱ्या लागल्या याचा तक्ता दाराशी लावलेला आहे. त्यात या माउलीचा वाटा किती, हे देवालाच ठाऊक.

३. माझ्याबाबत घडले ते असे. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी बायोडेटावरील दोन्ही क्रमांकांवर फोन केले आणि दोन्हीकडे "मी तिची आई बोलतेय" असे ऐकले. माझ्या खऱ्या आईने सांगितले, "पोरगी गुणाची आहे हो, पण सकाळी लवकर नका बोलावू, उठत नाही." दुसऱ्या आईने सांगितले, "तिने केलेलं काम परत तपासावं लागत नाही. आणि रागावलात तरी उलटून बोलणार नाही, फक्त जेवणार नाही." अधिकाऱ्यांनी आपल्याला विचारले, की उमेदवाराची आई नेमकी कोणती? खोटा संपर्क दिल्याबद्दल माझे नाव रोखले गेले आहे. क्रमांक काढून नवीन बायोडेटा दिला तरच ते पुढे जाईल, असे आपण सांगितलेत. आपले वागणे नियमाला धरून आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

४. क्षमा मागावी म्हणून लिपिकबाईंकडून पत्ता घेऊन मी त्या घरी गेले. दार उघडताच त्या म्हणाल्या, "कंपनीतून आलीस?" मी बायोडेटा दाखवला. त्यांनी तळाच्या ओळीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "आतल्या खोलीत बस, चहा टाकते." त्या खोलीत इस्त्रीचा शर्ट हँगरला होता. कॉलर झिजलेली, पण इस्त्री ताजी. बुटांना पॉलिश होते. टेबलाशी एक रिकामी खुर्ची होती. मी पलंगाच्या कडेला बसले होते. बाहेर फोन वाजला. त्यांनी बोलणे ऐकले, रिसीव्हरवर हात ठेवला आणि आत हाक मारली, "अरे, फोन आहे तुझा!"

महोदय, मी उठले. मला कोणी बोलावले नव्हते, तरी उठले. पण माझ्या आधी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी पलंगावर होते, हे वर लिहिलेच आहे. खोलीत दुसरे कोणी नव्हते. माणूस उठून यायला जितका वेळ लागतो तितका वेळ त्या बाहेर थांबल्या, मग फोनवर म्हणाल्या, "बाहेर गेलाय वाटतं. मी सांगते हं." चहा घेऊन आल्या, खुर्चीकडे पाहिले आणि ती टेबलाशी सारून ठेवली. रोज करतात तशी.

५. मी भाविक आहे, भित्री नाही. तरीही तेव्हापासून बायोडेटात 'माझ्याविषयी' लिहायला बसले की हात थांबतो. 'मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ' हे शब्द माझे नव्हेत, त्याचे आहेत. मी फक्त वर माझे नाव घातले आहे. कीर्तनात बुवा दम घ्यायला थांबले, की मागे उभे असलेले ओळ उचलून धरतात. ती माउली इतकी वर्षे तेच करत आहे. थांबला आहे तो तिचा मुलगा, आणि ओळ खाली पडू द्यायला ती तयार नाही. आपण नमुना काढलात तर पुढच्या वर्षी तो फोन वाजणार नाही. मग त्या आत हाक कशासाठी मारतील, आणि हाक आली नाही तर आतले कोण कशासाठी उठेल?

६. सबब विनंती, की नमुना ठेवावा व तळाच्या ओळीला हात लावू नये. 'यापुढे फोन घेऊ नका' असे त्यांना कळवण्याचे काम लिपिकबाईंवर सोपवल्याचे समजते. त्या बाई परवापासून रजेवर आहेत, यावरून काय ते ओळखावे. नियमात हे बसत नसल्यास निदान माझा एकटीचा बायोडेटा त्या क्रमांकासह पाठवावा. त्यापायी ही नोकरी गेली तरी चालेल. माझ्या आईची समजूत मी घालेन. तिला आताशा त्या दुसऱ्या आईचे कौतुकच वाटते.

७. निर्णय कोणताही होवो, तो कृपया त्याच क्रमांकावर कळवावा. हाक मारल्यावर यायला थोडा वेळ लागतो, तेव्हा फोन लगेच ठेवू नये. दुपारची मी आता तिथेच अभ्यासाला असते, आतल्या खोलीत. पलंगावर बसते. खुर्ची मोकळी ठेवते.

आपल्या फोनची वाट पाहणारी,
(सही)
अंतिम वर्ष, 'बुवा'

दिनांक: परीक्षेआधीचा शेवटचा सोमवार

सोबत: बायोडेटा, एक प्रत, तळाच्या ओळीसह.