स्पेनहून यायचं कार्ड

ग्रिम्सबी, ६ ऑगस्ट

प्रिय बेरिल आत्या,

तुला आणि तुझ्या गुडघ्यांना मनापासून नमस्कार. तिकडच्या उन्हाने ते सुधारले असतील. बाबांची सर्दी मार्चपासून आहे तशीच आहे. आई ठणठणीत आहे, आणि तीच अडचण आहे.

आमच्या शेजारच्या पिकरिंगबाई तुला आठवतील. दर ऑगस्टमध्ये त्या तीन आठवडे तुमच्या स्पेनमध्ये मुलाकडे जातात, आम्हाला कार्ड पाठवतात आणि तांबूस होऊन परततात. यंदा टोमॅटोंना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. मंगळवारी झारी शोधायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले (न विचारता, हे कबूल करते), तर किटली गरम. मागच्या खोलीत पडदे ओढून पिकरिंगबाई बसलेल्या, बाटलीतला तांबूस रंग गालाला चोळत.

"दार लाव आधी," त्या म्हणाल्या. "एक गाल झालाय, दुसरा व्हायचाय."

मुलाने नऊ वर्षांत बोलावलेलं नाही. दर वर्षी त्या इथेच बसतात, रेडिओ कानाला लावून. "गेले नाही तर लोक विचारणार, का नाही गेलात. काय सांगू, तूच सांग." कार्डं तिकडची त्यांची मैत्रीण टाकायची. ती फेब्रुवारीत वारली. मी तासभर बसले. मला कोणी काही विचारलं नाही. असा तास मला आठवत नाही.

पण आई कुंपणावरून टोमॅटो मोजते. "पाच गेले. पिकलेले." मी म्हटलं, मी खाल्ले. (माझं पहिलं खोटं. टोमॅटोने माझ्या अंगावर पित्त उठतं, हे आईला पक्कं माहीत आहे.) तिने माझे हात उलटून पाहिले. मग म्हणाली, "कार्डही नाही. बाई आजारी असतील तिकडे. एकवीस तारखेपर्यंत आलं नाही, तर किल्ली दे. मीच आत जाऊन मुलाचा फोन नंबर शोधते."

किल्ली सध्या माझ्या मोज्यात आहे. चालताना टोचते, ते बरंच आहे.

तुझी,
रोझलिन

ता. क. सोबत पिकरिंगबाईंनी आईला लिहिलेलं कार्ड आहे. तिकडचं तिकीट लावून लगेच टाक. हवा छान आहे असं त्यात लिहिलंय. तेवढं तरी खरं आहे ना, टाकण्याआधी बघून घे.

ता. ता. क. सप्टेंबरात पंधरा दिवस मी तुझ्याकडे येणार, असं आईला सांगितलंय (हे दुसरं खोटं). अंथरूण घालू नकोस. पिकरिंगबाईंच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या मावतात, आणि बाटलीत माझ्यापुरता रंग शिल्लक आहे.