कालव्यापलीकडचा ऑस्कर

१९ मे

मासे आले! रेमंडच्या दुकानात सकाळी नुसता गलका. पट्टेरी बास कालव्यात शिरलाय म्हणे, मॅकरलच्या मागे मागे. नेमका कुठे, ते अर्थातच कोणी सांगत नाही. "असेल इकडेतिकडे." मीही तेच म्हणालो.

तीन नव्या जिग घेतल्या, गळाला लावायचे शिशाचे खोटे मासे — चार औंसांच्या दोन, अडीचची एक. लांबुडक्या, चंदेरी, पाठीला हिरवी झाक. घरी आल्यावर त्यांचे फुसके गळ काढून जाड गळ लावले, शेपटाला हरणाचे पांढरे केस बांधले. टेबलावर पसारा आणि मी एकटा. सूप गरम करायचं राहूनच गेलं.

२१ मे

पहाटेच सायकल काढली. १८७ नंबरच्या दिव्याच्या खांबाखाली माझा दगड. पलीकडच्या काठावर, बरोबर समोर, ऑस्करचा पिवळा कोट! म्हणजे हिवाळा काढला पठ्ठ्याने.

हात वर केला. त्याने नाही केला. हे पाचवं वर्ष.

२२ मे

पाण्याला भलताच जोर. अडीच औंसांची जिग तळ गाठायच्या आतच वाहून गेली. इतकी वर्षं मासे मारून हीच अक्कल! मग चारची लावली. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायची, बुडू द्यायची, तळाला टेकल्याचं हाताला कळलं की रॉड उचलायचा, पुन्हा पडू द्यायची. मासा तोंड घालतो तो ती पडताना.

हे ऑस्करनेच शिकवलं. मी बारा वर्षांचा, तो अठराचा. "ओढतोस काय रे सारखा? जखमी मासा असा धावतो का? पडू दे तिला, गिल!"

आज काहीच लागलं नाही.

२५ मे

शेजारच्या खांबाखाली एक नवा माणूस आला होता. "समोर तुमचा भाऊ ना? बोलत नाही म्हणे?"

"फोटोमुळे," म्हणालो. तो हसला. इथला नसणार.

अठ्ठेचाळीस पौंडांचा मासा धरून फोटो काढला होता मी, रेमंडच्या भिंतीवर लावायला. खांद्यामागे खांबाचा नंबर अगदी स्वच्छ! इथे तळाला एक खड्डा आहे, मासे त्यात दबा धरून बसतात. ऑस्करने नऊ वर्षं घालून तो शोधला. कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्याशिवाय. दुसऱ्या दिवशी इथे साठ माणसं उभी. ऑस्कर एवढंच म्हणाला, "तुझ्यावर भरवसा ठेवला, हा माझाच गाढवपणा." बादली उचलली आणि पूल ओलांडून पलीकडे गेला.

एका नंबरापायी कसली माफी मागायची, असं तेव्हा वाटलं. आता रोज वाटतं, मागायला हवी होती. तो पुन्हा माझ्या शेजारी उभा राहिला तर एकही मासा नको मला. पण धीर होत नाही. मध्ये कोणी पडतही नाही. रेमंड तर माझ्यापुढे त्याचं नावसुद्धा काढत नाही.

३० मे

पाऊस. आज कोणाशी बोललो नाही. कालही नाही.

३ जून

ऑस्कर यंदा फारच जवळ फेकतो. निम्म्या पाण्यापर्यंतसुद्धा नाही! आणि जिग पडू न देताच गुंडाळतो. मला दामटून शिकवणारा हा! आधी हसू आलं. मग एकदम रडूच यायला लागलं. बाजूच्यांना दिसू नये म्हणून जिगचे केस नीट करत खाली मान घालून बसलो.

७ जून

भरती संपता संपता पाणी थांबलं. आता अडीचची लावली. ती सावकाश, डुलत डुलत खाली गेली आणि मध्येच दोरा ढिला पडला. झटका दिला — मासा! पंधरा मिनिटं दमवलं त्याने. दोन्ही हातांनी वर धरून समोर दाखवला, वेड्यासारखा ओरडलो, "ऑस्कर!"

पिवळा कोट वळला आणि वरच्या रस्त्याकडे बघत राहिला. मला पाठ!

मासा सोडून दिला.

९ जून

उद्या पूल ओलांडणार. काय म्हणायचं ते ठरवलंय. "चूक माझी होती." तीन शब्द आहेत. सैपाकघरात मोठ्याने म्हणून बघितले.

१० जून

पिवळ्या कोटात त्याची बायको होती, लूर्डेस. ऑस्कर वर रस्त्यावर गाडीत. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. "तुला फोन करायला घेतला की माझा हात धरायचा," ती म्हणाली. "पण रोज पहाटे इथे आणायला लावतो. मी उभी राहिले नाही तर चिडतो. समोर कोणी दिसलं नाही तर तूही यायचा थांबशील, असं वाटतं त्याला."

मी गाडीशी जाऊन ते तीन शब्द म्हणालो. त्याने शेजारच्या सीटवरची दुर्बीण डाव्या हाताने उचलली आणि मला जागा करून दिली.