पडद्याच्या कापडातलं रेकॉर्ड

ती. स्व. अक्का यांना,

साष्टांग नमस्कार (पोटाला टाके असल्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्यावा). तुमचे गुडघे आता जिना चढू देतात ना? इकडे सर्व ठीक आहे, फक्त माझं अपेंडिक्स आता माझ्याकडे नाही.

ते कसं गेलं हे सांगण्याआधी तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं. कचेरीत मी अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतो. कुठलाही कागद मागा, दोन मिनिटांत हजर. घरी मात्र घराचे कागद गादीखाली, विमा कपबश्यांच्या कपाटात आणि मृत्युपत्र (केलं होतं एवढं नक्की) देव जाणे कुठे. गेल्या महिन्यात हिने शिवणातून उरलेल्या पडद्याच्या कापडाची एक लांबलचक गुंडाळी शिवली. घरातल्या प्रत्येकाला एक खिसा, आत त्याचे कागद, बाहेर रंगीत दोऱ्याने नाव, रक्तगट आणि जुनी दुखणी. मी हसून हसून बेजार. कागदांना झबली शिवतेस का, असंही विचारलं (हे कृपया विसरून जावं).

मग बुधवारी कचेरीतच पोटात कळ आली आणि शिपायाने मला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठलं औषध सोसत नाही? मी कण्हत म्हणालो, साहेबांचा आवाज. त्या सुई भरतच होत्या, तेवढ्यात कचेरीतून निरोप मिळालेली ही आली आणि तिने ती गुंडाळी माझ्या पायांवर उलगडली. माझ्या खिशावर लाल दोऱ्याने लिहिलं होतं : पेनिसिलीन नको, श्वास अडकतो. (लग्नाच्या वर्षीची गोष्ट; मी साफ विसरलो होतो.) बाईंनी भरलेली सुई बाजूला ठेवली. अक्का, त्या सुईत पेनिसिलीनच होतं. पुढे विमा, जुने रिपोर्ट, सगळं मागायच्या आत बाहेर येत गेलं. मृत्युपत्रही निघालं, ते मात्र मी पुन्हा आत ठेवायला लावलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं रेकॉर्ड मी पाहिलेलं नाही. मी थक्क झालो, तो अजून थक्कच आहे.

तुमचा,
(आता जरा हलका झालेला) मेहुणा

ता. क. : पडल्यापडल्या खिसे मोजले. माझा, आईचा, दोन्ही मुलांचा, मांजराचासुद्धा (लशींच्या तारखांसकट). हिचा नाही. त्या खाटेवर ही असती, तर मी डॉक्टरांना काय सांगितलं असतं? शिलाई मशीनला वेळेवर तेल लागतं, एवढंच मला हिच्याबद्दल ठाऊक. तुम्हीच हिला लहानाची मोठी केलीत. हिचा रक्तगट, लहानपणची दुखणी, न सोसणारी औषधं, सगळं कळवा. खिसा मी स्वतः शिवतो आहे (दोन बोटं टोचून झाली). हिला मात्र काही कळू देऊ नका.

पुन्हा ता. क. : तुमचा पत्ता पाठ नसल्यामुळे तो हिलाच विचारावा लागला. पत्र कशासाठी, म्हणाली, आणि मला खोटं बोलता येईना. ऐकून हिने हातातलं शिवण खाली ठेवलं आणि म्हणाली, "अहो, मग मला विचारायचं की." अक्का, संसाराच्या बावीस वर्षांत हे मला सुचलंच नव्हतं.