हयवदनच्या कपाटातला म्हैसूरपाक

बसवनगुडी, बंगलोर
२ नोव्हेंबर १९९७

प्रिय अलका,

अक्षर ओळखूनही तू हे पाकीट फोडलंस, याबद्दल आधी आभार. दोन वर्षांपूर्वी लालबागेत तू मला लग्नाचं सरळ विचारलंस, मी नाही म्हणालो आणि कारण विचारल्यावर वर तुझ्यावरच खेकसलो. ते कारण आज सांगणार आहे. पण सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय? म्हणून आधी आमच्या कारखान्यातल्या आयुधपूजेची हकीकत ऐक.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्या दिवशी यंत्रांचा थाट नवरदेवासारखा असतो. लेथ धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभे. पूजा होईपर्यंत कुणी तोंडात काही घालायचं नाही, हा रिवाज. आणि भटजी एक, स्कूटर एक, कारखाने चाळीस! नऊची पूजा साडेबारापर्यंत लांबली. मी मात्र सातलाच इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन निघालो होतो. हो, अलका, इन्सुलिन. मला मधुमेह आहे. तू विचारलंस त्याच्या तीन महिने आधी कळला होता. इंजेक्शननंतर वेळेवर खाल्लं नाही तर रक्तातली साखर घसरते, हे मला पाठ आहे. पण अख्खा कारखाना उपाशी असताना सुपरवायझरने डबा कसा उघडायचा? उघडला तर कारण सांगावं लागणार. ते कारण फक्त हयवदनला, आमच्या स्टोअरकीपरला, ठाऊक होतं, आणि कुणाला सांगायचं नाही अशी मी त्याला देवाची शपथ घातली होती.

बाराच्या सुमारास मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मग म्हणे मी एका लेथशी मराठीतून भांडलो. सणाचा दिवस, तेव्हा साहेब सकाळीच 'घेऊन' आलेत असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी प्रसादाच्या म्हैसूरपाकाकडे हात नेला, तर हयवदन धावत आला. "बेडा सार, नको, तुम्हाला शुगर आहे!" असं कानात सांगून त्याने माझ्या हातातला तुकडा काढून घेतला, अख्खा डबा स्टोअरच्या कपाटात कोंडला आणि किल्ली जानव्याला बांधली. बिचाऱ्याला मी एवढंच सांगितलं होतं की साखर माझं विष आहे. तीच कमी पडली तर जीव जाईल, हे सांगायचं राहिलं होतं.

वाचवलं कँटीनच्या सकवारबाईंनी. त्यांचं घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं मराठा. त्यांना इन्सुलिन ठाऊक नाही, पण उपाशी माणसाचा चेहरा कळतो. "पूजा आमेले हो अण्णा, आधी हे प्या," म्हणत त्यांनी मला खाली बसवलं आणि नैवेद्याचं गुळाचं पानक पाजलं, एकावर एक दोन पेले. आमेले म्हणजे नंतर. देवाच्या आधी मी जेवलो, तेही सर्वांदेखत. पंधरा-वीस मिनिटांनी भानावर आलो, तेव्हा हयवदन मुठीत किल्ली धरून रडत होता.

त्या रडण्याने माझी लपवाछपवीची खोड मोडली. सोमवारी चहाच्या सुट्टीत मी स्टुलावर उभा राहून वर्गच घेतला. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडचिड दिसली की विचारत बसू नका, तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा द्या, मग पोटभर खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात थेंबही नको. कुशीवर वळवा आणि थेट हॉस्पिटल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी विचारलं, सार तर रोजच चिडतात, ओळखायचं कसं? आता एखादा जॉब बिघडला म्हणून मी आवाज चढवला की तिघंजण साखरेचा डबा घेऊन हजर! चिडायची सोय राहिली नाही. घरमालकीण हेमलताबाईही तयार झाल्यात. सातपर्यंत माझी खिडकी उघडली नाही, की दाराशी बत्त्याने ठोठावतात. गेल्या रविवारी जरा लोळत पडलो, तर दाराची कडीच निखळली.

आता लालबाग. त्या दिवशीही मी जेवलो नव्हतो, हात थरथरत होते आणि नंतर नंतर मी काय काय बोललो ते मला खरंच आठवत नाही. तू उठून चालायला लागलीस, तुझ्या पायातली एक चप्पल चिखलात अडकली, एवढंच आठवतं. पण नकार मी पूर्ण शुद्धीवर दिला होता, त्याचं खापर साखरेवर फोडणार नाही. मला वाटलं, जन्मभर माझ्या उशाशी जागत बसायची शिक्षा तुला का द्यावी? तुला काही न सांगता तुझ्या वतीने मीच ठरवून मोकळा झालो. हयवदनने डबा कोंडला, तसंच. त्याने निदान प्रेमाने कोंडला होता, असं म्हणणार होतो, पण मीही प्रेमानेच कोंडलं होतं. तू मला फार आवडतेस, अलका. तेव्हाही आवडत होतीस.

डॉक्टरांनी खिशात ठेवायला एक कार्ड दिलंय. 'तातडीच्या वेळी कळवावे' या ओळीत मी हेमलताबाईंचं नाव लिहिलं आणि नात्यापुढे 'घरमालकीण'. डॉक्टर हसले, म्हणाले, घरचं कुणी नाही का? त्यांनी दुसरं कोरं कार्ड दिलं, ते पंधरा दिवस टेबलावर पडून आहे. तुझा भाऊ ईशान दिवाळीत भेटला, म्हणाला की ताई जानेवारीत महिनाभर ट्रेनिंगला इथे येतेय आणि अजून कुणालाच होकार देत नाही. म्हणून हे पत्र. लालबागेतल्या त्याच बाकावर ये. या वेळी विचारणार मी आहे, आणि नाही म्हणायचा हक्क तुझा. मी तेव्हा काय काय बोललो ते सगळं ऐकव, मान खाली घालून ऐकेन. फक्त पर्समध्ये साखरेची पुडी असू दे. मी भांडायला लागलो, तर आधी ती दे आणि मग भांड.

तुझाच,
रत्नाकर