काडी टोचायची राहिली

आखाडा बाळापूर,
३० एप्रिल २०२६

चि. संतोष यास,
रूपाआत्याचे प्रभूत अनेक आशीर्वाद वि. वि.

फोन काहून उचलत न्हाईस रे? चार दिवस झाले. शेवटी शेजारच्या राजनंदिनीकडून वहीचं पान मागून आणलं. आता हे तरी उचल.

गुडफ्रायडेला तू कुरुंद्याच्या चर्चात वधस्तंभावरच्या सहाव्या उद्गारावर, ‘पूर्ण झाले आहे’ यावर बोललास, माझ्या लेकरानं सगळ्यांना रडवलं, म्हणून मी गावभर मिरवून राहिले. अन् आता पाळकसाहेब सांगतात, दोन रविवार तू फिरकला न्हाईस. हळद शिजवायचा कुकरही ताडपत्रीखाली झाकलास म्हणे, हंगाम संपायच्या आत!

दुखणं असलं तर सांग, भांडण असलं तर तेही सांग. गुडघे गेले माझे, पण जीभ शाबूत आहे. एसटीनं यायला लावू नकोस.

माया आहेच, तुझ्याकडूनही थोडी येऊ दे.
रूपाआत्या

कुरुंदा,
४ मे २०२६

ती. रूपाआत्यास,
संतोषचा सप्रेम सलाम वि. वि.

दुखणं न्हाई, भांडण न्हाई. लाज आहे. त्या शुक्रवारी दगडोबाकाकाची हळद माझ्या कुकरमध्ये होती. चर्चातली भक्ती बाराला सुरू व्हायची, मला अंघोळ करून पांढरा सदरा घालायचा होता. शेवटचे दोन ड्रम मी, हळद शिजली का ते काडी टोचून न बघताच उतरवले. प्रभूनं हाती घेतलेलं काम पूर्ण केलं, हे लोकांना सांगायला मी माझं काम अर्धं टाकून पळालो, आत्या.

वाळवून पॉलिश करताना कच्ची हळकुंडं निघाली, आतून फिक्की. काका म्हणाले, आपलं बेणंच बिघडलं. अन् मी होय म्हणून मान हलवून घरी आलो! दहा वर्षं जपलेलं बेणं ते आता उकिरड्यावर टाकायला निघालेत.

लोक अजून माझ्या बोलण्याची तारीफ करतात, तेव्हा तोंड कुठं लपवू असं होतं. प्रार्थनेला बसलो तर शब्द येत न्हाई.

रागावलीस तरी चालेल, पण तोडू नकोस.
संतोष

आखाडा बाळापूर,
७ मे २०२६

चि. संतोष यास,
आशीर्वाद वि. वि.

आधी मला हसू आलं, मग तुझी पाठ बडवावी वाटली. घाई झाली, ती चूक. मान हलवलीस, ते पाप. दोन्ही एका पोत्यात भरू नकोस.

शिष्य असून पेत्रानं तर प्रभूला तीनदा नाकारलं होतं. तरी प्रभूनं त्याच्यासाठी किनाऱ्यावर मासे भाजून ठेवले. पण पेत्र होडीतच तोंड लपवून बसला असता, तर न्याहारी कोणी केली असती रे?

शब्द येत न्हाई तर राहू दे. तुझ्या वाटची प्रार्थना मी करून राहिले. तू दगडोबाच्या अंगणात जा, बेणं टाकायच्या आत जा.

गेल्याचं कळव, तोवर जीव टांगणीला आहे.
रूपाआत्या

कुरुंदा,
१८ मे २०२६

ती. रूपाआत्यास,
सलाम वि. वि.

गेलो, सगळं खरं सांगितलं. काकांनी ‘बस’ असंही म्हटलं न्हाई. बेण्याच्या ढिगाकडं बघत उभे राहिले अन् म्हणाले, म्हणजे बेणं चांगलं आहे. डोळे भरले होते त्यांचे. मग शिव्या दिल्या. बराबर दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या अंगणात कच्ची हळकुंडं निवडायला बसलो. भागाबाईकाकू रोज भाकर देत होत्या, काका मात्र शब्द बोलले न्हाईत. काल सकाळी पहिल्यांदा बोलले, आज तुमचं चर्च ना, जा. मी म्हटलं, दोन पोती राहिलीत, करून जातो. काका पोतं ओढून शेजारी बसले. दोघांनी मिळून संपवलं.

चर्चात पोचलो तर उपदेश केव्हाच झाला होता, शेवटची प्रार्थना चालू होती. हात पिवळे, सदरा मळका. दाराशीच उभा राहिलो, डोळे मिटले, अन् शब्द आले, आत्या.

अशीच रागवत राहा.
तुझा संतोष

ता. क. काकांनी पुढच्या गुडफ्रायडेची तारीख विचारून भिंतीवर लिहून ठेवली. म्हणाले, आपला कुकर आदल्या दिवशी लाव.