रिकाम्या घरांचे दिवे

१२ नोव्हेंबर

लाडक्या छकुले,

आधी आशीर्वाद, मग चौकशी. तुझा खोकला थांबला का? इकडे आम्ही ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड माझ्यापेक्षा जोरात चालतं. म्हणजे, गेल्या महिन्यापर्यंत चालत होतं.

सुट्टीत घरी येते म्हणालीस. तीन पत्रांत मी त्याचं उत्तर टाळलं. घर विकलं गं, मार्चमध्येच.

वरचे मजले एका बड्या माणसाने घेतले. मग काचेचा दरवाजा आला, नवी लिफ्ट आली आणि त्यांचा खर्च सगळ्यांच्या माथी आला. आधी शिंपीणकाकू गेल्या, मग मास्तर. माझी नकाशे काढायची नोकरी सुटल्यावर आपणही. सगळी घरं त्यानेच घेतली, पण राहायला कोणी आलं नाही. त्याला अजून कोणी पाहिलेलंही नाही.

मी आता त्याच्याकडेच कामाला आहे. रोज घराघरांत जाऊन नळ सोडायचे, पडदे सरकवायचे, संध्याकाळी दिवे लावायचे. इमारत नांदती दिसली पाहिजे, असं मॅनेजर म्हणतो. शिंपीणकाकूंकडे आता लांबलचक टेबल आहे, आठ ताटं मांडलेली. मी ती पुसतो. दार उघडताना अजून तोंडून निघतं, "येऊ का?"

राहायला इमारतीच्या तळाशी, पाण्याच्या पंपाशेजारची खोली मिळाली. एकट्यासाठी, ही अट. आई आहे हे मी लपवलं.

सप्टेंबरात आपल्या जुन्या स्वयंपाकघरात दोन कप दिसले. एकातला चहा कोमट होता. दुसऱ्या दिवशी खुर्चीला ऊब. दाराला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. आईला सांगितलं, तर भाजी निवडत म्हणाली, "घर आहे ते. कोणीतरी बसणारच."

मग मॅनेजरने बोलावून मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. दुपारी चारला, तुझी शाळा सुटायची त्या वेळी, आई स्वतःजवळ ठेवलेल्या जुन्या किल्लीने आत जाते. दोन कप भरते. समोरच्या रिकाम्या खुर्चीशी तासभर बोलते. हसतेसुद्धा.

"कोण ही बाई? ओळखता?"

आता ही खोलीही जाणार, एवढंच मला दिसलं. मी म्हणालो, "नाही."

दुसऱ्या दिवशी चारला त्याने तिला दारातच अडवलं, किल्ली काढून घेतली. मला म्हणाला, "यांना फाटकाबाहेर सोडा." मी तिचा दंड धरला आणि सोडून आलो, छकुले. तो गेल्यावर मागच्या दाराने तिला परत आणलं.

याला महिना झाला. ती रांधते, वाढते, पण 'अहो' म्हणत नाही. काल कामावरून येऊन दार वाजवलं. तिने साखळी न काढता फटीतून पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

वाटलं, रागावलीय. मग तिचे डोळे पाहिले. त्यांत राग नव्हता, ओळखही नव्हती.

सुट्टीची वाट पाहू नकोस, ये. खोलीत जागा नाही, तरी ये. आणि तिच्यादेखत मला मोठ्याने हाक मार.

तुझेच, नाही म्हणू नकोस,
बाबा