सगळ्यांत गप्प वर्ग

सोम., १६ जून
नवागामला बदली. दुपारची मराठी शाळा, इयत्ता तिसरी. जुन्या शाळेत ओरडून घसा गेला. इथे नुसती आत शिरले आणि वर्ग गप्प. माझ्या चेहऱ्यावर काही तेज असावं. घरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घरी आता कुणी नाहीच म्हणा.

गुरु., १९ जून
आचार्यसाहेब, म्हणजे इथले मुख्याध्यापक, बाकीच्या शिक्षकांना वर्ग दाखवायला घेऊन आले. ‘‘जुओ, आने शिस्त कहेवाय!’’ मी विनयाने मान खाली घातली. तेवढा अभिनय जमतो.
मुलीला पुण्याला फोन. ‘‘मम्मी, मीटिंगमध्ये आहे.’’ बातमी राहिली. कुकरची शिट्टी झाली तर ‘आले, आले’ म्हणाले. कुकरला.

मंगळ., १ जुलै
वैष्णवीला वही देताना हात लागला, अंग चांगलंच तापलेलं. शाळा भरल्यापासून तशीच बसून होती. ‘‘अगं, सांगायचंस ना!’’ नुसती बघत राहिली. शेजारची पूजा कुजबुजली, ‘‘बाई, आम्ही मोठ्यानं नाय बोलत.’’
घरी सोडायला गेले. एकच खोली. भर दुपारी तीन पुरुष ओळीने झोपलेले. आईने ओठांवर बोट ठेवून मला बाहेर आणलं. ‘‘हळू बोला, बाई. तिना बाप रातपाळी करस. झोप मोडनी ते लूमवर डुलकी लागस. मागे एकजनना हात गया.’’
गल्लीभर हेच, सगळे यंत्रमागांवर रातपाळीला.
म्हणजे शिस्त त्या खोल्यांची. मी फुकट मिरवले.

बुध., २ जुलै
वर्गाला सांगितलं, इथे कुणी झोपलेलं नाही, ओरडा. कुणी ओरडेना. शेवटी मीच ओरडले. शिपाई पाणी घेऊन धावत आला.

शुक्र., ११ जुलै
रोज हजेरी ओरडून. आज वैष्णवी ‘‘हजर!’’ अशी किंचाळली की सगळा वर्ग हसला, तीसुद्धा. मग सुट्टीभर माझ्या मागे.
‘‘बाई, तुमच्या घरी दिवसा कोण झोपतं?’’
‘‘कुणी नाही.’’
‘‘मग तुम्ही किती बोलत असाल!’’
मी फळा पुसायला घेतला.
आचार्यसाहेब दारात. ‘‘बेन, तमारा क्लासने शुं थयुं?’’
‘‘जाग आली, साहेब.’’

गुरु., १७ जुलै
वैष्णवीचा बाप शाळेत आला. डोळे लाल. ‘‘बाई, पोरगी बोलाले लागनी, चांगलं शे. पन सकायपासून घरमा कविता म्हनस. मी कव्हय झोपू? आसंच राह्यनं ते तिले गावले धाडी देसू, आजीपाशी.’’
भांडला असता तर बरं. भांडणात मी कुणाला ऐकत नाही. हा नुसता दमलेला.
तिला पुन्हा गप्प राहा म्हणू? जीभ वळेना. म्हटलं, ‘‘सकाळी माझ्याकडे पाठवा. जेवून दोघी शाळेत येऊ.’’
‘‘तुमले तरास.’’
‘‘मला कसला त्रास!’’ जरा घाईच झाली बोलण्यात.
‘‘ईचार करीसन सांगसू.’’

सोम., २१ जुलै
शुक्र.-शनि. वै. गैरहजर. पूजा म्हणते, तिची आई पिशवी भरत होती. गावाची की माझ्याकडची, तिला माहीत नाही.
सकाळपासून दार उघडं ठेवलंय. पोहे जरा जास्तच भिजवले. जिना अजून शांत.
कुणाची वाट बघतेय म्हणून समोरच्या जसुबेन डोकावल्या. ‘‘कोण आववानुं छे?’’
म्हटलं, ‘‘आरडाओरडा.’’